गाडी तपासताना भीड नको

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट मांडून दिलं आहे.)



सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "फौजी काका, जुबिलीला तुम्ही दोन शब्द बोला." मला वाटलं, सीमेवरचे अनुभव सांगायचे असतील. म्हणून मी विचारलं, "कुठल्या पोस्टिंगबद्दल बोलू?" तर ते म्हणाले, "पोस्टिंग राहू द्या. त्या गाड्यांच्या ट्रिपबद्दल बोला. ग्रुपवर नुसते फोटो आले, खरं काय झालं ते कोणालाच माहीत नाही."

तर आज खरं काय झालं ते सांगतो. ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते अण्णा समोरच दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "सांगा, पण तुमची चूकही सांगा." तीच सांगायला उभा आहे.

मी लष्करात ई.एम.ई.मध्ये होतो. म्हणजे गाड्या, तोफा, यंत्रं दुरुस्त करणारं खातं. जोंगा, शक्तिमान, जिप्सी या गाड्यांच्या खाली पडून माझी अर्धी नोकरी गेली. आपल्या जिल्ह्याला या गोष्टी काही नवीन नाहीत. नगरला आर्मर्ड कोअरचं सेंटर आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी व्ही.आर.डी.ई. आहे. जीप तर आपल्या राज्यातलीच म्हणावी. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि आजची थार बनते ती नाशिकला. त्यामुळे पोरांना चारचाकी ओढीच्या गाड्यांचं वेड लागलं तर नवल नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या मंडपात हा विषय निघाला. आपल्या सोसायटीत अशा तीन गाड्या होत्या. बी विंगमधल्या डॉक्टरांची थार, सी विंगमधल्या बाईंच्या मुलीची जिम्नी आणि माझी जुनी जिप्सी. चौथी अण्णांच्या शेतावरची एमएम ५४०, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. पाचवी गुरखा, ती आपल्या माजी खजिनदारांच्या जावयाची, पुण्याहून येणारी. पाच गाड्या, पाच तऱ्हा. ठरलं असं की परतीचा पाऊस ओसरला की एक दिवस डोंगराकडे काढायचा आणि तयारीचं काम माझ्याकडे.

कुठं जायचं यावरच पहिली बैठक गाजली. कोणीतरी के. के. रेंजचं नाव काढलं. मी तिथंच थांबवलं. तो लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाचा भाग. तिथल्या मातीत न फुटलेला गोळा पडलेला असू शकतो, तिकडं हौस करायची नसते. दुसरा म्हणाला, भंडारदऱ्याच्या वर घाटघर-साम्रदला जाऊ. पण तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग. रस्ता सोडून तिथं चाक घालणं म्हणजे कायदा मोडणं. शेवटी आपल्याच तालुक्याचा डोंगराळ पट्टा ठरला, ताहाराबाद-म्हैसगावच्या अंगाचा. ओळखीच्या शेतकऱ्यांना आधी भेटलो, त्यांच्या माळावरून आणि ओढ्यातून जायची परवानगी घेतली. पेरलेल्या रानात चाक घालायचं नाही, वनखात्याच्या हद्दीत शिरायचं नाही, उघडलेलं फाटक लावून घ्यायचं आणि कचरा परत आणायचा, हे चार नियम तेव्हाच लिहून काढले.

आता तयारीकडे येतो. लष्करात गाडीला रोज तीन परेड असतात. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. तेल, पाणी, हवा, बॅटरी, ब्रेक, नट-बोल्ट, सगळं बघायचं. काल बघितलं होतं हे उत्तर चालत नाही. ट्रिपच्या आदल्या रविवारी मी पाचही गाड्या आपल्या पार्किंगमध्ये एका ओळीत लावल्या आणि मालकांना सांगितलं, आज आपली फर्स्ट परेड.

सुरुवात स्वतःच्या गाडीपासून केली. जिप्सी वजनाला टनाच्या आसपास, त्यामुळे चिखलात कमी रुतते. पण तिला कमानी पाटे. खडकावर आपटून मेन पाटा तुटतो, म्हणून यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट आवळून घेतले. माझ्या गाडीला पुढच्या चाकांचे हब हातानं लॉक करावे लागतात. ते विसरलं तर आतला लिव्हर फोर-व्हीलवर टाकूनही पुढची चाकं मोकळीच फिरतात आणि माणूस म्हणतो, गाडीत दम नाही. शिवाय ती पेट्रोलची. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते, म्हणून प्लगच्या वायरी आणि त्यांच्या टोप्या कोरड्या राहतील अशा बसवल्या.

डॉक्टरांची थार नवी कोरी. डॉक्टर म्हणाले, "काका, कालच सर्व्हिसिंग झालं, हिला काय बघायचं?" म्हणलं, गाडी नवी आहे, ड्रायव्हर नवा आहे. त्यांनी छोटा लिव्हर एकदाही लो मध्ये टाकलेला नव्हता. पार्किंगमध्येच गाडी थांबवून, न्यूट्रलला आणून चार वेळा टाकायला लावला. आणि सांगितलं की डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून पळवायची नाही. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. कोरड्या रस्त्यावर चाकं घसरत नाहीत, मग तो पीळ गिअर आणि शाफ्टवर येतो. ही गोष्ट त्या पाचही गाड्यांना लागू.

गुरखा म्हणजे सगळ्यांत दणकट. दोन टनांच्या आसपास वजन, पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला डिफरन्शियल लॉक. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढत राहतं. पण लॉक लावून वळायला गेलं तर गाडी वळत नाही. म्हणून आधी मागचा लावायचा, अगदीच गरज पडली तर पुढचा आणि बाहेर पडताच दोन्ही काढायचे. गाडी जावयाची, त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना सगळेच जरा जपून. मी मात्र बोललो. त्यांनी टपावर लोखंडी कॅरिअर बांधून त्यात दोन स्टेपन्या, डिझेलचे कॅन आणि तंबू चढवला होता. एवढं वजन वर गेलं की आडव्या उतारावर गाडी कलंडते. सगळं खाली उतरवलं. जावईबापूंनी तोंड जरा वाकडं केलं, पण ऐकलं.

जिम्नी लहान, वजन जेमतेम बाराशे किलो. तिला तसा लॉक नाही. एखादं चाक नुसतं फिरायला लागलं की ब्रेक त्या एकट्या चाकाला धरतो आणि ताकद दुसरीकडे जाते. त्यामुळे तिच्यात घाबरून पाय काढायचा नाही, एकसारखा हलका ॲक्सिलरेटर धरून ठेवायचा. चालवणारी मुलगी आपल्या कृषी विद्यापीठात शिकलेली, काळ्या मातीची ओळख असलेली. एकदा सांगितलं आणि तिनं करून दाखवलं. त्या दिवशी सगळ्यांत कमी वेळ तिच्या गाडीला लागला.

आणि पाचवी, अण्णांची एमएम ५४०. पूजो इंजिन, अजून एका सेल्फला सुरू होते. रंग ताजा, पासिंग पुन्हा करून घेतलेलं. अण्णा तिला लेकरासारखं जपतात. तिचे टायर ट्यूबवाले, पॉवर स्टेअरिंग नाही. अण्णांना एकच सांगितलं, खडकात स्टेअरिंग धरताना अंगठा आत घालू नका. चाक दगडावर आदळलं की स्टेअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. ते हसले, म्हणाले, "हे आमच्या वडलांनी शिकवलंय."

मग मी पुढून खाली वाकलो. ओढायचा पुढचा हूक बघितला. तो चॅसीला बोल्टनं बसवलेला नव्हता. एका पट्टीवर वेल्डिंग करून जोडलेला आणि ती पट्टी गंजलेली. वरून ताजा काळा रंग. नखानं खरवडलं तर रंगाखालून पापुद्रा निघाला. मी वर बघितलं. अण्णा म्हणाले, "त्या हुकानं उसाचा भरलेला ट्रॅक्टर ओढलाय, फौजी." बाजूला चार पोरं उभी. अण्णा आपल्या सोसायटीतले सगळ्यांत ज्येष्ठ, पहिल्या कमिटीतले. इथं उसाचं रान होतं तेव्हा ज्यांनी उन्हात उभं राहून प्लॉटची मोजणी करून घेतली, त्यांच्या वडिलांच्या गाडीला सगळ्यांसमोर नाव कसं ठेवायचं? मी हात पुसले आणि म्हणालो, "एक नंबर."

मित्रहो, जावयाच्या गाडीला मी बोललो, डॉक्टरांना बोललो. अण्णांना बोललो नाही. भीड ही भिकेची बहीण, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी मला ते आठवलं नाही.

ट्रिपचा दिवस उजाडला. डांबर संपलं तिथं थांबलो, हॉल्ट परेड केली आणि टायरमधली हवा कमी केली. रस्त्यावर तीस-बत्तीस पौंड असते, ती नव्या गाड्यांची वीसवर आणली. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, दगडावरचा दणकाही कमी होतो. फार कमी केली तर टायर रिममधून निसटतो. अण्णांच्या गाडीची फक्त पंचवीसपर्यंतच उतरवली, कारण ट्यूबवाला टायर रिमवर सरकला तर ट्यूबचा वॉल्व्ह उपटून निघतो. परतीला हवा भरायला कॉम्प्रेसर बरोबर घेतला होता. कमी हवेवर डांबरी रस्त्यानं पळालं तर टायर तापून फुटतो.

चालण्याचा क्रम असा लावला: पुढे गुरखा, मग थार, मग जिम्नी, मग अण्णा, शेवटी मी. पुढची गाडी दणकट हवी आणि शेवटची मेकॅनिकची. नियम एकच, आरशात मागची गाडी दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली की थांबायचं. असं प्रत्येकानं केलं तर कोणीही मागं राहत नाही. चढावर एका वेळी एकच गाडी, ती माथ्यावर पोचल्याशिवाय दुसरीनं चढायचं नाही. चढताना गाडी दमली तर वळवायची नाही. ब्रेक दाबून रिव्हर्स टाकायचा आणि आलो तसं सरळ खाली यायचं. उतारावर लोचा पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. माळावरचे दोन चढ आणि एक खडकाळ उतार पाचही गाड्यांनी असेच पार केले. थारवाले डॉक्टर तर इतके खूश की दवाखाना विसरले.

मग ओढा आला. पाणी होतं गुडघ्याच्या खाली. तरी आधी काठी घेऊन मी पायी उतरलो, तळ तपासला. पाण्यात कुठलीही गाडी घालण्याआधी माणूस घालायचा हा नियम. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून डिझेलवाले बेफिकीर असतात. पण हवा ओढायच्या तोंडातून पाणी इंजिनात गेलं तर पेट्रोल काय आणि डिझेल काय, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. गुरखा गेली, थार गेली. पण त्या दोन जड गाड्यांनी पलीकडच्या काठाची काळी माती अशी कालवून ठेवली की जिम्नी तिथं पोचली आणि चारही चाकांनी खाली बसली. काळ्या मातीचं तुम्हाला सांगायला नको. टायरच्या खाचा भरल्या की चाक म्हणजे नुसता चिखलाचा गोळा.

रुतलेली गाडी शक्यतो आली त्याच बाजूला मागं ओढायची, तिकडची जमीन आपण तपासलेली असते. मागं होते अण्णा. त्यांनी जीप मुरमाड जागेवर उभी केली. जिम्नीच्या मागच्या हुकाला आणि जीपच्या पुढच्या हुकाला मी नायलॉनचा ताणला जाणारा दोर लावला. हो, मीच लावला. तो हूक दुसऱ्यांदा हातात आला, तेव्हाही मी बोललो नाही. मनात म्हणलं, हलकी गाडी आहे, निघेल. बाकी सगळं नियमानं केलं. सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं केलं. दोराच्या मध्यावर वजन म्हणून शेतकऱ्याकडून मागून आणलेली घोंगडी पाण्यात भिजवून टाकली. दोर सुटलाच तर घोंगडी त्याला खाली ओढते.

अण्णांनी लो रिव्हर्स टाकला. दोर ताणला, जिम्नी हलली, पुन्हा बसली. दुसऱ्या वेळी त्यांनी हलका हिसका दिला. अशा दोराला तो द्यायचाच असतो, अण्णांचं काही चुकलं नाही. कडाड असा आवाज झाला. पट्टीसकट हूक उपटून आला आणि ओढ्यावरून सुटला तो सरळ जिम्नीच्या मागच्या दारावर. स्टेपनीवर आदळून खाली पडला. स्टेपनीच्या कव्हरला भोक, रिमला पोचा. काचेच्या खाली अंतर किती? चार बोटं. आणि काचेच्या सरळ रेषेत पुढच्या सीटवर ती मुलगी बसलेली, हातात स्टेअरिंग, आरशात मागं बघत.

कोणाला काही झालं नाही. घोंगडीनं जोर खाल्ला आणि स्टेपनी मधे आली म्हणून. मुलगी खाली उतरली, हूक उचलला, बघितला आणि म्हणाली, "काका, हा आतून आधीच गंजलेला आहे." मला मान वर करता आली नाही.

मग आम्ही जे आधी करायचं ते नंतर केलं. फावडं घेतलं, अर्धा तास चाकांपुढचा आणि मागचा चिखल काढला, चाकांखाली दगड आणि बाभळीच्या फांद्या घातल्या. माझ्या जिप्सीचा हूक चॅसीला बोल्टनं बसवलेला आहे. जिप्सी जिम्नीपेक्षाही हलकी, पण चिखल काढल्यावर जोर फारसा लागलाच नाही. हळूच ओढली आणि गाडी बाहेर. निम्मं काम दोराचं नसतंच, फावड्याचं असतं.

दुपारी शेतकऱ्याच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खायला बसलो. कोणी फार बोलत नव्हतं. अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या रविवारी तू खाली वाकला होतास. तुला दिसलं होतं ना?"

म्हणलं, "हो अण्णा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचा मान राखला."

अण्णा भाकरी हातात तशीच धरून म्हणाले, "तिला काही झालं असतं तर त्या मानाचं मी काय केलं असतं?"

चोवीस वर्षं फौजेत काढली. पुष्कळ साहेबांची बोलणी खाल्ली. पण त्या एका प्रश्नानं मला जेवढं शिकवलं तेवढं कशानंच नाही. मी त्यांचा मान राखला नव्हता. मी माझी अडचण टाळली होती. मान राखायचा असता तर त्यांना बाजूला घेऊन, दोघांतच सांगता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं.

परत आल्यावर लास्ट परेड केली. ओढ्यातून गेलेल्या गाड्यांचं ॲक्सलचं तेल बघितलं. पाणी शिरलं असेल तर ते दुधाळ दिसतं. थारचं आणि गुरखाचं ठीक होतं, माझ्या जिप्सीचं निघालं दुधाळ, बदललं. ब्रेक धुतले. जिम्नीच्या रिमचा आणि कव्हरचा खर्च मी देऊ केला तर अण्णांनी आधीच दिला होता. त्यावरून आमचं भांडण झालं, शेवटी अर्धा-अर्धा केला. दुसऱ्याच आठवड्यात अण्णांच्या जीपची गंजकी पट्टी कापून काढली आणि पुढं-मागं चॅसीच्या जाड भागाला चार-चार बोल्टनं नवे हूक बसवले. पोरांनाही दाखवलं की ओढायचा हूक कोणता आणि ट्रकवर लादताना गाडी बांधायची कडी कोणती. दिसायला दोन्ही सारखेच, पण कडीला दोर लावला तर ती आमच्या हुकासारखीच उडते.

आणि एक वही केली. तिला पोरं दोष वही म्हणतात. ट्रिपच्या आधी प्रत्येक मालकानं आपल्या गाडीचे दोष स्वतः लिहायचे. "काही नाही" असं लिहायला बंदी. मग त्याच गाडीखाली दुसऱ्यानं वाकायचं आणि आपल्याला दिसलेलं खाली लिहून सही करायची. तोंडानं सांगायला भीड वाटते, लिहायला कमी वाटते. यंदा फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्याच वाटेनं गेलो, पाचही गाड्या. अण्णांच्या जीपच्या पानावर पहिली नोंद अण्णांच्या हातची होती: "ब्रेक डावीकडे ओढतो. मालक म्हातारा आहे, ओढ्यात दुसऱ्यानं चालवावी." ओढ्यातून ती जीप जिम्नीवाल्या मुलीनं चालवत नेली. अण्णा शेजारी बसले होते.

आता तुम्ही म्हणाल, फौजी काका, जुबिलीच्या कार्यक्रमात हे गाड्यांचं पुराण कशाला? तर आपली सोसायटीही पंचवीस वर्षांची झाली. वरून रंग ताजा आहे, परवाच दिला. पण ए विंगच्या टाकीच्या खालचा स्लॅब कोणी नखानं खरवडून बघितला आहे का? जिन्याच्या कठड्याचा एक गज हलतो, तो रोज हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सभेत कोणीच बोलत नाही, कारण कमिटीतली माणसं आपलीच, कशाला वाईट व्हायचं? मीही गेल्या दोन सभांत गप्प बसलो. आज बोललो. कमिटीनं राग मानू नये. हवं तर मला बाजूला घेऊन विचारा, मी खाली वाकून दाखवीन.

वही मी बरोबर आणली आहे. पुढची पानं कोरी आहेत. कार्यक्रम संपला की ती वॉचमनच्या टेबलावर ठेवतो. ज्याला जे दिसलं असेल त्यानं ते लिहावं आणि खाली सही करावी.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!